हात लावून बघणारा डॉक्टर

आमच्या आईची डॉक्टर पारखण्याची एक खूण ठरलेली आहे. दवाखान्यातून ती परत आली, पिशवी खुंटीला लावली, की आम्ही विचारतो, "काय म्हणाले डॉक्टर?" ती एक तर पदराने तोंड पुसत म्हणते, "चांगला हाय. हात लावून बघितलं." नाहीतर गोळ्यांची पुडी फळीवर आपटते आणि म्हणते, "हात लावून बघितलंच नाही. नुसतं लिहून दिलं." डॉक्टरची डिग्री काय, फी किती, गुण आला की नाही, हे सगळे तिच्या दृष्टीने मागाहूनचे.

आम्ही शिकलेली मुले या गोष्टीला हसत आलो. मी स्वतः बी.कॉम. झालेला कारकून. माझा वैद्यकीशी संबंध एवढाच, की आमच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांची दवाखान्याची बिले तपासणीसाठी माझ्या टेबलावर येतात. खाटेचे भाडे, हातमोजे, सलाईन, रक्ताच्या तपासण्या, डॉक्टरांच्या भेटीचे पैसे, सगळ्याला रकाना असतो. आई म्हणते त्या गोष्टीला रकाना नाही. म्हणून ती खोटी असावी, असे मला बरीच वर्षे वाटत होते.

गेल्या पावसाळ्यात घरात एक प्रसंग घडला आणि माझे हसणे थांबले.

माझी पुतणी एम.बी.बी.एस. होऊन सध्या एका सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप करीत आहे. ताडीवाला रोडच्या आमच्या गल्लीतली ती पहिली डॉक्टर. निकाल लागला तेव्हा गल्लीत पेढे वाटले, पोरांनी फलक लावला. तीच पोरगी त्या दिवशी रात्रपाळी करून सकाळी घरी आली आणि चहाचा कप हातात घेऊन तशीच बसून राहिली. रात्री वॉर्डात एक म्हातारा हमाल होता. लिव्हर पार गेलेले. मोठ्या डॉक्टरांनी सांगितले, आता करण्यासारखे काही नाही, आणि ते दुसऱ्या गंभीर रुग्णाकडे गेले. त्यात त्यांचे चुकले असे नाही. एका माणसाकडे तीस-चाळीस खाटा. म्हाताऱ्याची बायको गावाकडून निघाली होती, पोचली नव्हती. पुतणी खाटेजवळ उभी होती. म्हाताऱ्याने तिचा हात धरला, आणि सोडेना. पहाटे तो गेला.

"काका," ती म्हणाली, "साडेचार वर्षं आम्हाला सगळं शिकवलं. औषध संपल्यावर डॉक्टरने काय करायचं, ते नाही शिकवलं. मी तिथं डॉक्टर नव्हतेच. नुसती उभी होते."

मला उत्तर सुचले नाही. कारकुनाला सुचणार तरी काय? पण त्या रात्री मी तिला एक हकीकत सांगितली. ती आपण दरवर्षी १० मार्चला सभेत ऐकतो, पण अर्धीच ऐकतो. सावित्रीमाईंनी प्लेगने आजारी असलेल्या मुलाला पाठीवर घेतले, इथपर्यंत वक्ता येतो, टाळ्या होतात आणि पुढचा वक्ता उठतो. मुलाला नेले कुठे? तिथे कोण होते? त्याच्याजवळ औषध तरी काय होते? हे कुणी विचारीत नाही.

तिथे एक तरुण डॉक्टर होता. त्याचे नाव यशवंत जोतीराव फुले.

यशवंत कोण, हे वाचकांना ठाऊक आहे. तरी घरातल्या लहानांसाठी सांगतो. त्या काळी ब्राह्मण घरातल्या विधवेला दिवस गेले तर तिला दोनच वाटा असत, विहीर किंवा मुलाचा गळा. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते यासाठी. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा या दांपत्याने पोटच्या पोरासारखा वाढवला. १८८९ च्या फेब्रुवारीत त्याचे लग्न सत्यशोधक पद्धतीने, हडपसरच्या ज्ञानोबा ससाणे यांच्या मुलीशी लावले. मुलगा वैद्यकी शिकून डॉक्टर झाला. जन्मताच ज्याला मारून टाकण्याची रीत होती, तो मुलगा दुसऱ्यांची मुले वाचवण्याच्या धंद्यात गेला. मला तर वाटते, त्या घरातून दुसरे काही निघणेच शक्य नव्हते.

जोतीरावांच्या घरात आजारपण म्हणजे काय, हेही यशवंतांनी जवळून पाहिले होते. १८८८ साली तात्यांना अर्धांगवायू झाला आणि उजवा हात गेला. त्यांच्यावर उपचार केले ते डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. हे सत्यशोधक समाजातलेच, नामांकित शल्यवैद्य. पुण्यातला घोले रोड त्यांच्याच नावाचा. तात्या डाव्या हाताने लिहायला शिकले आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' पुरे केले. हात गेला म्हणून माणूस संपत नाही, हा धडा पोराला घरातच मिळाला. २८ नोव्हेंबर १८९० ला तात्या गेले.

आता प्लेगकडे येऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांना पहिले रुग्ण सापडले. काही महिन्यांत आजार पुण्यात पोचला. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. अंगात भट्टीसारखा ताप, जांघेत नाहीतर काखेत लिंबाएवढी गाठ, जिभेला कोरड, मग बरळणे. गाठ आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसे जात. आणि डॉक्टरांना त्या वेळी काय माहीत होते? प्लेगचा जंतू येर्सिन याने १८९४ साली हाँगकाँगला शोधला होता, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसात येतो, हे सिमाँ याने कराचीत काम करून सांगितले ते १८९८ साली. म्हणजे १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यातल्या डॉक्टरला रोग कशाने लागतो हेच पुरते ठाऊक नव्हते. मुंबईत हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ ला स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती. ती अजून लोकांपर्यंत यायची होती. प्लेगवर चालणारे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले १९४३ साली. मध्ये सेहेचाळीस वर्षे.

हे मी पुतणीला बोटावर मोजून सांगितले. ती डॉक्टर आहे, तिला लगेच कळले. ती म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडे काहीच नव्हतं."

काहीच नव्हते. तरी सावित्रीमाईंनी यशवंतांना बोलावून घेतले. ते लष्करात डॉक्टर होते, रजा काढून आले असे सांगतात. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर, गावाबाहेर मोकळ्या हवेत, त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना मांडला. तिथे सावित्रीमाई स्वतः रुग्ण गोळा करून आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्याबाहेर पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा तापाने पडला होता. त्याला त्यांनी पाठीवर घेतले आणि माळापर्यंत चालत आणले. माईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. म्हणजे त्या दिवशी वय सहासष्ट. आपल्या घरातल्या सहासष्ट वर्षांच्या बाईकडे एकदा बघा आणि मग मुंढवा ते हडपसर रस्ता आठवा. पोराचे तापलेले अंग पाठीला लागलेले, त्याचा श्वास मानेवर.

पांडुरंग वाचला. माईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

औषध नसलेल्या त्या दवाखान्यात मग होत तरी काय होते? पुतणीने मला समजावून सांगितले ते असे. प्लेगच्या तापात रुग्णाला पाणी पाजत राहणे, अंग पुसणे, घाण झालेले कपडे बदलणे, बरळून उठून पळणाऱ्याला धरून ठेवणे, पेज भरवणे, हे सगळे उपचारच आहेत. गाठ आलेला जो रुग्ण स्वतःच्या बळावर वाचू शकतो, तोसुद्धा पाणी न मिळाल्याने मरतो. "सलाईन म्हणजे तरी काय काका, पाणीच की," ती म्हणाली. म्हणजे माळावरच्या त्या डॉक्टरच्या हाती अगदीच काही नव्हते असे नाही. पण जे होते ते सगळे रुग्णाला हात लावल्याशिवाय देता येत नव्हते.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. माई गेल्या त्याच आठवड्यात पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीचे काम सुरू झाले. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला होता. गोऱ्या सोल्जरांच्या तुकड्या घरोघर शिरत, चुलीपर्यंत, देव्हाऱ्यापर्यंत जात, रुग्ण दिसला की गाडीत घालून गावाबाहेरच्या इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. रुग्णाला वेगळे ठेवणे शास्त्राला धरूनच होते. त्याबद्दल मी सरकारला दोष देणार नाही, आपणही २०२० साली तेच केले. पण लोक इतके घाबरले की आजारी माणसे माळ्यावर, पेटाऱ्याआड लपवू लागले. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली, तो इतिहास शाळेत शिकवतात. ससाण्यांच्या माळाचा इतिहास त्याच धड्यात का नाही, हे शिक्षकांना विचारले पाहिजे. रुग्ण गावाबाहेर नेला जात होता दोन्हीकडे. एकीकडे बंदूकवाला दार ठोठावीत होता, दुसरीकडे म्हातारी बाई पाठ वाकवून बसत होती.

आणि पाठ कुणासाठी वाकवली? ज्याची सावली चालत नव्हती त्या घरच्या पोरासाठी.

आपल्या लोकांच्या बाबतीत डॉक्टरचा हात ही बारीकसारीक गोष्ट कधीच नव्हती. बाबासाहेबांची 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ही छोटी पुस्तिका पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली छापली. तीत एक हकीकत आहे. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाने १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त पत्र लिहून ती कळवली होती. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर यायला तयार होईना. गावच्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, दोन रुपये फी ठरली, तेव्हा तो आला, पण वस्तीत पाऊल टाकणार नाही या अटीवर. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या लेकरासह वस्तीबाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टरने न्यूमोनिया सांगितला. औषध पाठवून दिले. पुन्हा बघायला आला नाही. बाई मेली.

हा डॉक्टर अडाणी नव्हता. त्याच्याजवळ थर्मामीटर होता, निदान करता येत होते, औषधही होते. माळावरच्या यशवंतांपेक्षा त्याच्या हाताशी जास्तच साधने होती आणि बत्तीस वर्षांचे पुढचे शास्त्र होते. मी हे वाचले तेव्हा आईचे वाक्य एकदम आठवले. हात लावून बघितलंच नाही. तिला कुणी ही पुस्तिका वाचून दाखवलेली नाही. पण तिच्या आईने, तिच्या आजीने जे भोगले त्यातूनच ती पारख आलेली असणार. औषध नंतर, आधी हा माणूस मला माणूस समजतो का, ते तिला बघायचे असते.

कुणी म्हणेल, त्या जुन्या गोष्टी झाल्या. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेला प्लेग आला तेव्हा औषध होते. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या जात होत्या. तरी लाखो लोकांबरोबर शहरातले अनेक खाजगी डॉक्टरही दवाखान्याला कुलूप लावून निघून गेले. सरकारी रुग्णालयातले डॉक्टर मात्र जागेवर राहिले, हेही सांगितले पाहिजे.

पुण्यातच दुसरे उदाहरण आहे. डॉ. बाबा आढाव हे शिक्षणाने वैद्य. नाना पेठेत त्यांनी दवाखाना घातला. येणारे रुग्ण बहुतेक हमाल. पाठ धरलेली, मान आखडलेली, छातीत दुखणारी माणसे. गोळी दिली तर आठ दिवस बरे, पुन्हा तेच, कारण पोते तेवढेच आणि मजुरीही तेवढीच. पाठ तपासता तपासता डॉक्टरला पोते दिसू लागले. त्यातून हमाल पंचायत उभी राहिली, आणि पुढे 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ. पोत्याचे वजन पन्नास किलोवर यावे म्हणून हमालांना किती वर्षे भांडावे लागले, हे भवानी पेठेतल्या आणि मार्केट यार्डातल्या आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. पाठीवर हात ठेवला नसता तर त्या डॉक्टरला हे कळले नसते. औषधाच्या कंपनीचा माणूस येऊन हे सांगत नाही.

आजच्या डॉक्टरांवर मी सरसकट टीका करणार नाही. आमच्या पोरीमुळे आतली बाजू कळते. सकाळी ओ.पी.डी.ची रांग फाटकाबाहेर गेलेली असते. एका रुग्णाला दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांत नाव लिहायचे, विचारायचे, तपासायचे, चिठ्ठी द्यायची. छत्तीस-छत्तीस तास ड्यूटी. हात लावायला वेळ लागतो, आणि मशीनचा रिपोर्ट कोर्टात उपयोगी पडतो. आणि आपणही कमी नाही. रुग्ण दगावला की चार पोरे बोलावून काचा फोडायच्या, ड्यूटीवरच्या पोराच्या कानाखाली वाजवायची. २०१० साली महाराष्ट्राला यासाठी वेगळा कायदा करावा लागला, ही आपल्याला शोभणारी गोष्ट नाही. ज्याला मार खायची भीती आहे, तो खाटेजवळ कशाला थांबेल?

करोनात तर हात लावणेच बंद झाले होते. ९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यातच सापडले आणि नायडू रुग्णालयात दाखल झाले. माईंच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी. आमच्या ताडीवाला रोडला पुढे पत्रे लागले. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, सार्वजनिक संडास, आणि लोकांना सांगायचे की अंतर ठेवा! आशाताई आणि महापालिकेच्या बाया दारोदार ताप मोजत फिरत होत्या. शेजारची एक मावशी महिनाभर वॉर्डात राहून परत आली. तिला ना डॉक्टरचे तोंड आठवत होते ना सिस्टरचे, सगळे नखशिखांत पांढऱ्या कपड्यात. एक आठवत होते. एक सिस्टर रोज रात्री रबरी मोज्याच्या हाताने तिचे केस सारखे करून वेणी घालून जायची. कोण होती, कुठली होती, मावशीला ठाऊक नाही. मोज्यातूनही हात कळतो, असे ती म्हणते.

आपल्या घरातली किती माणसे दवाखान्यात आहेत, याचा कधी हिशेब केला आहे का? सिस्टर, वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, ॲम्ब्युलन्सवाले. डॉक्टर कमी, बाकीचे पुष्कळ. पोरीने नर्सिंगला जायचे म्हटले की आपल्यातही अजून नाक मुरडणारे आहेत. घाण काढायची कामे आता आपण सोडली, असे म्हणतात. घाण काढायची जातीने लादलेली कामे सोडलीच पाहिजेत, त्यात दुमत नाही. पण माळावर रुग्णाचे अंग पुसणे हे ते काम नव्हे. सावित्रीमाई डॉक्टर नव्हत्या. त्या दवाखान्यात त्यांचे काम आजच्या भाषेत सांगायचे तर स्ट्रेचर ओढणाऱ्या वॉर्डबॉयचे आणि आयाचे होते.

यशवंतांचे पुढे काय झाले, हे पुतणीने विचारले. पुण्यात प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला. रुग्णांची सेवा करता करता त्यांनाही प्लेगने गाठले आणि १३ ऑक्टोबर १९०५ ला ते वारले. वय जेमतेम तीस-एकतीस. मागे बायको आणि मुलगी; त्यांची फार परवड झाली. गंज पेठेतल्या फुलेवाड्यात आपण जातो, तात्यांच्या समाधीला हार घालतो. यशवंतांचे नाव तिथे आपल्यातले किती जण घेतात?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "काका, त्यांनी आधीच ठरवलं असेल का, की औषध नसलं तरी जायचं?" मी म्हटले, आईने बोलावले म्हणून आले असतील. एवढेच मला सुचले.

चार दिवसांनी त्या हमालाची बायको मृत्यूच्या दाखल्यासाठी रुग्णालयात आली. कागदाची कामे मला येतात, म्हणून पुतणीने मला बोलावून घेतले. आधार कार्डावर एक नाव, केसपेपरवर दुसरे, आडनावात काना चुकलेला. दोन खिडक्या आणि तीन तास गेले. दाखला हातात पडल्यावर बाई पायरीवर बसली. तिला कुणीतरी सांगितले होते की रात्री ही डॉक्टरीण जवळ होती. तिने पुतणीला विचारले, "शेवटाला काय बोलले का ते?"

"पाणी मागितलं होतं," पुतणी म्हणाली.

"दिलं का?"

"पिववत नव्हतं त्यांना. मी कापसानं ओठ ओले करत होते. हात धरला होता त्यांनी माझा."

"कुठला?"

पुतणीने उजवा हात पुढे केला. बाईने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, थोडा वेळ धरला. मग दाखला पिशवीत ठेवून, एस.टी. किती वाजता आहे ते मला विचारून, ती स्टेशनकडे निघाली.